पंक्चर किट घेताय? आधी चाकाकडे बघा!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा सहज चक्कर मारा. कुणाच्या गाडीला मोबाइल होल्डर, कुणाला एल.ई.डी.च्या माळा, कुणाचा सायलेन्सर बदललेला, तर कुणाच्या टाकीवर आख्खा निबंध लिहिलेला. पण "रस्त्यात पंक्चर झाली तर?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "ढकलायची रे, पुढे असेलच कोणीतरी!"

शहरात हे चालून जातं. नाक्यानाक्यावर जुना टायर टांगलेला दिसतो, म्हणजे तिथे पंक्चरवाला आहे. पण आपण काय नुसते कॉलेज ते चहाची टपरी एवढंच फिरतो का? सबमिशन संपलं की ताम्हिणी, वरंधा, माळशेज. दिवाळीला गाडी घेऊनच गावी. आणि पंक्चर होते ती नेमकी रात्री, पावसात, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे. (हा मर्फीचा नियम, व्हायवाला विचारत नाहीत.) अशा ठिकाणी सव्वाशे-दीडशे किलोची गाडी दोन-तीन किलोमीटर ढकलायची, तीही मागून ट्रक येत असताना, यात मजा काही नाही. धोका मात्र भरपूर आहे.

आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न एवढा पडत नव्हता, कारण १९७२ साली आलेल्या बजाज चेतकला स्टेपनी होती! दोन्ही चाकं सारखीच, दहा इंची. चार-पाच नट खोलले की चाक बदललं, हात पुसले, निघाले. मोटरसायकलचं पुढचं आणि मागचं चाक वेगळं, मागच्याला चेनचं स्प्रॉकेट, कुठे ड्रम तर कुठे डिस्क. त्यामुळे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही आणि ठेवायला जागाही नाही. म्हणून आपल्याला चाकाऐवजी किट सोबत न्यायचं आहे. पण दुकानात "पंक्चर किट द्या" म्हटलं की समोर पाच-सहा प्रकार येतात. त्यातलं आपलं कुठलं? चला, पद्धतशीर बघू.

पहिला प्रश्न : ट्यूब की ट्यूबलेस?

किट घेण्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ट्यूबवाल्या गाडीला ट्यूबलेसचं किट म्हणजे थर्मोच्या पेपरला इलेक्ट्रिकलच्या नोट्स घेऊन जाण्यासारखं आहे.

ट्यूबच्या टायरमध्ये हवा धरायचं काम ट्यूब करते, टायर फक्त तिचं संरक्षण करतो. खिळा टायरमधून आत जातो, ट्यूबला भोक पडतं, आणि हवा ट्यूबमधून टायरच्या पोकळीत येऊन व्हॉल्व्हच्या भोकातून, आऱ्यांच्या भोकांतून बाहेर पळते. म्हणून टायर पटकन बसतो. बाहेरून टायरच्या भोकात काहीही कोंबलं तरी ट्यूबचं भोक तसंच राहतं. म्हणजे ट्यूब बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही.

ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिम मिळूनच हवाबंद डबा तयार होतो. टायरच्या आतून हवा न सोडणाऱ्या रबराचा थर असतो. खिळा घुसला तरी ते रबर त्याला घट्ट आवळून धरतं, त्यामुळे हवा हळूहळू जाते. सकाळी बघावं तर चाक थोडं बसलेलं, आणि खिळा मात्र ऐटीत चमकतोय. इथे भोक बाहेरूनच बुजवता येतं, चाक काढायची गरज नाही.

आता आपली गाडी कुठली हे ओळखायचं कसं? नुसतं टायरवर 'ट्यूबलेस' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. पुष्कळ जण ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून फिरतात. खुणा अशा :

१) आऱ्यांची चाकं असतील तर बहुतेक वेळा ट्यूबच असते, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते. (काही महागड्या गाड्यांत आरे रिमच्या कडेला बसवून ट्यूबलेस केलेलं असतं, तो अपवाद.)

२) रिममधून बाहेर आलेल्या व्हॉल्व्हवर आटे आणि बुडाशी नट दिसला, तर ट्यूब असण्याची शक्यता जास्त. रबरी, रिमच्या भोकात फुगीर बसलेला व्हॉल्व्ह असेल तर ट्यूबलेस.

३) तरीही शंका असेल तर गाडीचं पुस्तक उघडा. आणि सेकंडहँड गाडी असेल, तर नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांना विचारा. पुस्तकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

ट्यूबलेसवाल्यांसाठी : दोरीचं किट

बाजारात सगळ्यात जास्त चालतं ते हे. यात असतात एक दातेरी सळई (कानशीसारखी), एक फटीची सुई, काळ्या किंवा तपकिरी चिकट दोऱ्या आणि रबर सोल्यूशनची छोटी ट्यूब. साधारण दोन-चारशे रुपयांत मिळतं. काम कसं करायचं ते आधी समजून घ्या, म्हणजे घेताना काय बघायचं ते आपोआप कळेल.

खिळा कुठल्या कोनात शिरलाय ते बघा आणि पकडीने ओढून काढा. त्याच कोनात दातेरी सळई आत-बाहेर करा. यामुळे भोक खरखरीत आणि सारख्या आकाराचं होतं. "आधीच भोक आहे, त्यात आणखी मोठं कशाला?" असं वाटून ही पायरी गाळू नका, गुळगुळीत भोकात दोरी धरत नाही. दोरी सुईच्या नेढ्यात मध्यापर्यंत ओवा, सोल्यूशन लावा आणि जोर लावून आत ढकला. दोन्ही टोकं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बाहेर राहिली की थांबा. आता सुई झटक्यात सरळ बाहेर ओढा. नेढ्याला फट असल्याने दोरी आत राहते आणि सुई बाहेर येते. टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, कापताना दोरी ओढू नका. हवा भरा आणि वरून थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नाहीत? झालं!

हे वाचायला सोपं आहे. करायला मात्र जोर लागतो, आणि भलताच लागतो. म्हणून किट घेताना या गोष्टी बघा :

– मूठ टी आकाराची हवी. स्क्रू ड्रायव्हरसारखी सरळ प्लॅस्टिकची मूठ तळहातात रुतते, फिरते, आणि कधीकधी हातातच तुटते. दोन्ही हातांनी, छातीचा भार देऊन ढकलता आलं पाहिजे.

– सळई मुठीत पक्की बसलेली हवी. दुकानातच पकडून पिरगाळून बघा. हलत असेल तर परत ठेवा.

– सोल्यूशन बंद हवं. एकदा फोडलेली ट्यूब महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत वाळते. एका मोठ्या ट्यूबपेक्षा दोन छोट्या सीलबंद ट्यूब चांगल्या. उन्हात तापणाऱ्या डिकीत ठेवलं तर आणखी लवकर वाळतं. वर्षातून एकदा नवीन घ्याच.

– दोऱ्या चिकट आणि वेष्टनात बंद हव्या. वाळून कडक झालेली दोरी काही कामाची नाही. मोटारीच्या जाड दोऱ्या मोटरसायकलच्या छोट्या भोकाला जड जातात, त्यामुळे थोड्या बारीक मिळाल्या तर बरं.

– पक्कड आणि ब्लेड किंवा कटर किटमध्ये बहुधा नसतात. पण पक्कड नसेल तर खिळा काय दाताने काढणार?

दुसरा प्रकार मशरूम प्लगचा. भूछत्रासारखा दिसणारा रबरी प्लग नळीतून आत ढकलायचा, आत गेला की त्याचं डोकं उघडतं आणि हवेच्या दाबानेच आतून चिकटून बसतं. सोल्यूशन लागत नाही, काम नीटनेटकं होतं, पण किट महाग. शिवाय मोठ्या गाड्यांच्या काही रेडियल टायरमध्ये स्टीलच्या तारा असतात, त्या या प्लगची मान घासून कापू शकतात. आपल्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांना दोरी पुरते.

दोरी कुठे चालत नाही?

हे मात्र नीट वाचा. दोरी किंवा प्लग फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर अजिबात नाही. ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, त्यामुळे तिथला प्लग केव्हा निघेल सांगता येत नाही. आणि वेगात पुढचं चाक अचानक बसलं तर पुढे काय, ते लिहायला नको. भोक साधारण सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा लांबट चीर असेल, तरीही नाही. तिथे टेम्पो बोलवा. टायर नवा येतो, हातपाय येत नाहीत.

आणि जिथे दोरी चालते, तिथेही तिला तात्पुरतीच समजा. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर काढून, आतून तपासून, आतूनच पॅच लावणं. तोपर्यंत वेग पन्नास-साठच्या आत, शक्यतो डबलसीट नको, आणि पाच किलोमीटरवर थांबून एकदा हवा बघायची.

ट्यूबवाल्यांसाठी : थोडं जास्त सामान, थोडा जास्त घाम

ट्यूबवाल्यांनी निराश होऊ नये. काम अवघड असलं तरी शिकण्यासारखं आहे. तुमच्या किटमध्ये हे हवं :

१) टायर लिव्हर दोन, शक्यतो तीन. कडा गोल हव्यात. धारदार लिव्हरने, नाहीतर स्क्रू ड्रायव्हरने टायर काढायला जाल, तर एक पंक्चर काढता काढता दोन नवीन कराल.

२) अॅक्सलच्या नटाचे पाने. पुढचा आणि मागचा नट वेगळ्या मापाचा असू शकतो. दुकानात हा नट पाइप लावून आवळलेला असतो, तो गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने हलेलच असं नाही. हे हॉस्टेलमध्येच एकदा करून बघा, घाटात शोध लागायला नको.

३) जादा ट्यूब. रात्री पावसात पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलणं कधीही सोपं. शिवाय ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली तर तिथे पॅच बसतच नाही. पुढची आणि मागची, दोन्ही मापं टायरवर वाचून घ्या.

४) पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपरचा तुकडा, व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली आणि थोडी टाल्कम पावडर.

आता एक युक्ती, जी प्रत्येक पंक्चरवाल्याला माहीत असते आणि आपल्याला नसते. खिळा कुठे आहे ते दिसत असेल, तर चाक काढायची गरजच नाही! टायरची फक्त एक बाजू रिमबाहेर काढायची, खिळ्याजवळचा ट्यूबचा भाग बाहेर ओढायचा, तिथेच पॅच लावायचा आणि परत आत सारायचा. चेन सोडणं नाही, ब्रेक सोडणं नाही. ज्या गाडीला मेन स्टँड नाही, तिच्यासाठी रस्त्याकडेला हाच एक शहाणपणाचा मार्ग. दगडांवर गाडी तोलून चाक काढायचे प्रयोग करू नका.

टायर रिमबाहेर काढण्यात ताकदीपेक्षा भूमिती जास्त आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. टायरच्या कडेत स्टीलची तार असते आणि ती ताणली जात नाही. मग ती रिमच्या काठावरून बाहेर येणार कशी? तर समोरची बाजू त्या पन्हळीत ढकलायची, म्हणजे इकडे तेवढी ढील मिळते. सुरुवात व्हॉल्व्हपाशी करायची आणि समोरच्या बाजूला गुडघ्याने दाबून ठेवायचं. बसवताना उलट, शेवट व्हॉल्व्हपाशी. हे ज्याला समजलं त्याचं काम पाच मिनिटांचं. ज्याला नाही समजलं तो लिव्हर वाकवून, टायरला शिव्या देऊन दमतो.

पॅच लावताना घाई नडते. ट्यूब पॉलिश पेपरने घासून तिची चकाकी घालवा, पॅचपेक्षा मोठ्या भागावर सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. तीन ते पाच मिनिटं. ओल्या सोल्यूशनवर पॅच चिकटवला तर तो चिकटल्यासारखा वाटतो आणि हवा भरली की उठतो. कारण सोल्यूशन हा नुसता डिंक नाही. त्यातला द्रावक उडून गेला, की पॅचवरचा थर आणि सोल्यूशन यांच्यात थंड व्हल्कनायझेशन होतं, रबराला रबर जोडलं जातं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करायचा शोध लावला, त्याच कुळातली ही प्रक्रिया. फुंकर मारून वाळवू नका, तोंडातली वाफ ओलावा देते. आणि सोल्यूशन पेट घेतं, तेव्हा सिगारेटवाले मित्र लांब.

ट्यूब परत घालण्याआधी दोन गोष्टी. एक, टायरच्या आतून रुमालाचा बोळा फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि टोक आत तसंच असतं. ते राहिलं तर पुढच्या वळणावर परत हीच पूजा. दोन, शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ते खिळ्याचं काम नाही. हवा कमी असताना गाडी खड्ड्यात आपटली आणि ट्यूब रिमला चेंगरली. एकच भोक बुजवून खूष होऊ नका, दुसरं शोधा.

चाक काढलंच असेल, तर डिस्क ब्रेकवाल्यांनी चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. बसवल्यावर चेनचा ताण, अॅक्सलचा नट आणि ब्रेक तपासल्याशिवाय निघायचं नाही. ब्रेक दोन-चारदा दाबून बघा, उभ्या गाडीवरच.

हवा कशी भरणार? थोडं गणित

(एम-थ्री नाही, घाबरू नका.)

भोक बुजलं, पण हवा? पुष्कळ जण दोरीचं किट घेतात आणि हवेचं विसरतात. मग बुजलेलं भोक आणि बसलेलं चाक घेऊन परत ढकलाढकली. तेव्हा लक्षात ठेवा, पंप नसेल तर ते किट अर्धंच.

१००/९०-१७ मापाचा मागचा टायर घ्या. त्याच्या आतली जागा ढोबळमानाने ९ लिटर. आपल्याला हवेत २८ पी.एस.आय., म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वर सुमारे १.९ पट. म्हणजे बाहेरची ९ × १.९ = सुमारे १७ लिटर हवा आत कोंबायची आहे. आता एकेक साधन या आकड्यावर तपासू.

पायाने दाबायचा पंप : सिलिंडरचा व्यास ५४ मि.मी. आणि स्ट्रोक १२० मि.मी. धरला, तर एका दाबाला सुमारे पाव लिटर हवा जाते. १७ लिटरला साठ-सत्तर दाब. गळती आणि दाब वाढल्यावर होणारी घट धरून शंभर म्हणा. म्हणजे पाच-सात मिनिटांचं काम. चार्जिंग नाही, एक्स्पायरी नाही, पाचशेच्या आसपास किंमत. तोटा एवढाच, की जागा खातो.

सायकलचा छोटा हातपंप : व्यास २० मि.मी., स्ट्रोक १५० मि.मी. म्हणजे एका दाबाला लिटरचा विसावा भाग. साडेतीनशेच्या वर दाब! जिमची फी वाचेल. शिवाय आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा आणि मोटरसायकलचा वेगळा. मोटरसायकलचा मोटारीसारखाच असतो, त्याला श्राडर व्हॉल्व्ह म्हणतात. पंपाचं तोंड त्याला बसतं का, हे घरीच बघा.

कार्बन डायऑक्साइडची कार्ट्रिज : बोटाएवढी, खिशात मावते. १६ ग्रॅमची एक. मोल काढा, १६ ÷ ४४ = ०.३६. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक मोल वायू सुमारे २५ लिटर जागा घेतो, म्हणजे एका कार्ट्रिजचे ९ लिटर. आपल्याला हवेत १७. म्हणजे एकीने फक्त १४-१५ पी.एस.आय., दोघींनी जेमतेम २८. जोडताना थोडा वायू वाया गेला तर तेवढेही नाहीत. म्हणून घ्यायच्या तर तीन घ्या. एक पंक्चर म्हणजे तीन कार्ट्रिज गेल्या, दुसऱ्या पंक्चरला काय? सोडताना ती बर्फासारखी गार पडते, उघड्या हाताने धरू नका. आणि हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, तेव्हा पोचल्यावर साधी हवा भरून घ्या.

गाडीच्या बॅटरीवरचा कॉम्प्रेसर : मोटारीसाठी बनवलेले १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर दहा अँपिअरपर्यंत करंट खातात. छोट्या मोटरसायकलची बॅटरी असते तीन ते पाच अँपिअर-अवरची. टायर भरला आणि बॅटरी बसली, असा विनोद नको. वापरायचाच तर इंजिन चालू ठेवून, थेट बॅटरीला चिमटे लावून. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर तो चालत नाही, फ्यूज जातो.

चार्जिंगचा इन्फ्लेटर : आता दीड ते साडेतीन हजारात मिळतो. दाब सेट करा, बटण दाबा, तेवढा दाब झाला की आपोआप बंद. बॅटरी (टॉर्च) पण असते. सोय उत्तम. पण तो चार्ज केलेला असेल तरच! सहा महिने डिकीत पडलेला इन्फ्लेटर ऐनवेळी एकदा घुर्र करतो आणि गप्प. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्ज करायची सवय लावता येत असेल तर घ्या. नाहीतर पायपंप बरा, त्याला केटी लागत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. डिस्क, स्प्रॉकेट आणि छोटी चाकं यांच्या गर्दीत पंपाचं सरळ तोंड व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, स्कूटरवाल्यांना तर हमखास. काटकोनात वाकलेला व्हॉल्व्हचा जोड किटमध्ये टाकून ठेवा. आणि एक पेनासारखा प्रेशर गेज. अंगठ्याने टायर दाबून "आहे रे बरोबर" म्हणणं बंद करा.

टायरमध्ये ओतायचं सोल्यूशन : चांगलं की वाईट?

सीलंट नावाचं घट्ट द्रव टायरमध्ये आधीच ओतून ठेवायचं, म्हणजे खिळा लागला की ते भोकात जाऊन बसतं. ट्यूबलेसला, छोट्या भोकांना, हे खरंच उपयोगी पडतं. पण त्याचा एक त्रास आहे. पंक्चर झालेलीच कळत नाही, आणि खिळा आत तसाच घासत राहतो. म्हणून सीलंट असलं तरी टायर नजरेखालून घालायचे. ट्यूबमध्ये त्याचा भरवसा कमी, कारण ट्यूब ताणलेली असते, भोक फाटत जातं. सीलंटलाही मुदत असते, वाळलं की आत नुसते गोळे.

दुसरा प्रकार फेसाच्या डब्याचा. व्हॉल्व्हला लावा, बटण दाबा, फेस आणि हवा दोन्ही आत. कुठलंही अवजार चालवता येत नसेल त्याला हा शेवटचा आधार आहे. पण काही डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, शिवाय आतला सगळा चिकटा काढताना पंक्चरवाल्याची वाट लागते. म्हणून त्याच्याकडे गेल्यावर आधी सांगा, "काका, आत फेस मारलाय." न सांगता टायर त्याच्या हातात देणं बरं नाही.

मग कोणी काय घ्यावं?

– फक्त शहरात, ट्यूबलेस : टी मुठीचं दोरीचं किट, पक्कड, गेज. हवा पेट्रोल पंपावर. खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो उपटू नका, तसेच सावकाश पंक्चरवाल्याकडे जा.

– घाट, लांबचे प्रवास, ट्यूबलेस : वरचं सगळं अधिक पायपंप किंवा इन्फ्लेटर. हजार रुपयांत पायपंपासकट बसतं.

– फक्त शहरात, ट्यूब : जादा ट्यूब आणि पंक्चरवाल्याचा नंबर. खरंच, एवढं पुरे.

– लांबचे प्रवास, ट्यूब : लिव्हर, पाने, दोन ट्यूब, पॅचचं सामान, पायपंप. आणि निघायच्या आधी एकदा सराव.

– ग्रुपने जाणार असाल तर प्रत्येकाने किट घ्यायची गरज नाही. एक पंप, एक दोरीचं किट, एक लिव्हरचा संच पुरे. पण कोणाच्या बॅगेत काय आहे ते निघतानाच ठरवा, आणि तो माणूस सगळ्यात मागे चालू दे. पुढे सुसाट गेला तर किट त्याच्याबरोबर गेलं!

रस्त्यावर उभं राहताना

किट कितीही भारी असलं तरी ते वापरणारा माणूस धड राहिला पाहिजे. गाडी मागून डुलायला लागली तर मागचं चाक, हँडल जड झालं तर पुढचं. दोन्ही वेळा घाबरून ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडा, सरळ रेषेत वेग कमी होऊ द्या, चांगल्या चाकाचा ब्रेक हलक्या हाताने वापरा. रस्त्याच्या पूर्ण बाहेर या, वळणावर तर थांबूच नका, थोडं पुढे ढकलत न्या. इंडिकेटर चालू ठेवा. एकाने काम करायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून दोघांनीही बसायचं नाही.

आणि एक कळकळीची सूचना. खिळा शोधण्यासाठी मेन स्टँडवर गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत ठेवू नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने, टायरला धरून फिरवायचं.

जागा धोक्याची वाटली, एकटे असाल, रात्र असेल, तर किट बाजूला ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे नंबर मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. पंक्चर काढता येणं चांगलं, पण तिथे काढायचीच असा काही सबमिशनचा नियम नाही.

शेवटी, एक प्रस्ताव

सगळ्यांकडे हजार रुपये नसतात, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? मेसचं बिल भरून उरतं काय! पण एका विंगमध्ये मिळून एक चांगलं किट आणि एक पायपंप घ्यायला माणशी शंभरही पडणार नाहीत. वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवू, वहीत नाव लिहून न्यायचं, आणि वापरलेली दोरी, सोल्यूशन भरून परत द्यायचं. वर्कशॉपमध्ये टाकून दिलेला एखादा जुना ट्यूबलेस टायर मागून घेऊ. रविवारी त्यात खिळा ठोकायचा आणि पाच-पाच जणांनी दोरी घालून बघायची. पहिल्यांदा सगळ्यांचीच सुई अडकते. ती इथे अडकू दे, घाटात नको. आणि जमलं तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनाच एक दिवस शिकवायला बोलवू. टायर रिमबाहेर कसा काढायचा हे कुठल्याही टेक्स्टबुकात नाही, त्यांच्या हातात आहे.

तोपर्यंत, हे पान वाचून झालं असेल तर खाली जा आणि आपल्या गाडीच्या चाकावर व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघून या. आणि हो, हवा पण बघा. पावसाळ्यात रस्त्यावर वाहून आलेले खिळे-काचा जास्त, आणि ओलं रबर लवकर कापलं जातं!

शुभ प्रवास!